बेळगाव सीमाभागातील अमली पदार्थ : अटक होते, पण उपचारापर्यंत माणूस का पोहोचत नाही?

येळ्ळूरकर (धागाकर्ता)

बेळगाव, खानापूर, हुक्केरी आणि निपाणी या भागांतील वृत्तपत्रांत गांजा पकडल्याची बातमी आता नित्याची झाली आहे. त्या बातमीत जप्त मालाचे वजन, त्याची अंदाजे किंमत आणि पकडलेल्या तरुणांची वये असतात. त्यांच्यापैकी विकणारे कोण, स्वतःच व्यसनात अडकलेले कोण, आणि या दुसऱ्या गटातील मुलांना पुढे उपचार मिळाले का, याचा उल्लेख बहुधा नसतो. माझे म्हणणे असे आहे की, पकडण्याची यंत्रणा सरकारने बऱ्यापैकी उभी केली आहे, व्यसनातून सोडवण्याची यंत्रणाही कायद्यात आणि योजनांत आहे, परंतु पहिलीकडून दुसरीकडे जाणारा रस्ता आपल्या भागातील मराठी कुटुंबाला कोणी दाखवत नाही. या धाग्यावर त्या रस्त्याविषयीच बोलावे, अशी विनंती आहे.

आधी आपला भूगोल लक्षात घेऊ. पुणे–बेंगळूरु महामार्ग कोगनोळीजवळ महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरतो आणि निपाणी, संकेश्वर करत बेळगावला येतो. बेळगावहून बाचीमार्गे शिनोळीला गेले की महाराष्ट्रातील चंदगड तालुका लागतो, चोर्ला घाट उतरला की गोवा येतो, आणि लोंढ्याला रेल्वेचे फाटे फुटतात. एवढ्या टापूत तीन राज्यांची पोलीस दले एकमेकांना लागून काम करतात. माल नेणारा ही हद्द सहज ओलांडतो. तपासाला मात्र दर वेळी दुसऱ्या राज्याची मदत मागावी लागते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने चंदगड तालुक्यातील ढोलगरवाडी येथे मेफेड्रोन, म्हणजे ज्याला सगळे एमडी म्हणतात, ते रासायनिक अमली द्रव्य बनवण्याचा कारखाना उघडकीस आणला. ढोलगरवाडीचे नाव आपल्याला तोवर तेथील सर्पशाळेमुळे ठाऊक होते, म्हणून त्या बातमीचा मनाला अधिक धक्का बसला. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांचा एमडीचा तपास पुणे जिल्ह्यातील कुरकुंभहून सांगली जिल्ह्यातील कुपवाडपर्यंत पोहोचला. आंध्र–ओडिशाच्या सीमेवरून येणारा गांजा ही जुनी वाट आहेच. तिच्या जोडीला रासायनिक मालाची निर्मिती आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत येऊन ठेपली आहे.

या सगळ्याला तोंड देण्यासाठी १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायदा आहे. २०१६ पासून केंद्राची ‘एनकॉर्ड’ ही समन्वय यंत्रणा आहे आणि तिची जिल्हा पातळीवरील समिती डीसींच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या, अध्यक्षतेखाली काम करते. कर्नाटकात जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी सीईएन पोलीस ठाणी आहेत. जुलै २०२४ पासून तस्करीची माहिती देण्यासाठी १९३३ हा राष्ट्रीय क्रमांक सुरू आहे. उपचाराच्या बाजूला १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत सुरू झालेले आणि नंतर सर्व जिल्ह्यांत नेलेले नशामुक्त भारत अभियान आहे, आणि व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा क्रमांक आहे.

एवढे असूनही, मुलगा व्यसनात सापडला आहे हे कळल्यावर आपल्याकडची आई सरकारी दवाखान्यात जायला घाबरते, कारण डॉक्टर पोलिसांना कळवतील अशी तिची समजूत असते. वास्तविक एनडीपीएस कायद्यातीलच कलम ६४ अ असे सांगते की, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर तिच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालवता येत नाही. ही तरतूद मराठीत लिहिलेली मी कोणत्याही सरकारी भिंतीवर पाहिलेली नाही. व्यसन वाईट आहे असे सांगणारे फलक जागोजागी दिसतात. दार कोठे आहे हे सांगणारा फलक दिसत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

वकील, बेळगाव

धागा योग्य वेळी काढला आहे. कलम ६४ अ बाबत काही मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक वाटते, अन्यथा लोक चुकीच्या आशेवर राहतील.

पहिली मर्यादा प्रमाणाची आहे. गांजाच्या बाबतीत अल्प प्रमाण म्हणजे १ किलोपर्यंत आणि व्यापारी प्रमाण म्हणजे २० किलोहून अधिक. हेरॉइनसाठी हेच आकडे ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम आहेत, तर एमडीसाठी २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. हे आकडे प्रत्येक पालकाला माहीत असावेत असे मला वाटते, कारण गांजाची सवय असलेल्या मुलाच्या हातात एमडीची लहानशी पुडी आली तरी तो नकळत फार वरच्या शिक्षेच्या टप्प्यात जाऊ शकतो. गांजाच्या अल्प प्रमाणाला १ वर्षापर्यंत सश्रम कारावास किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. अल्प आणि व्यापारी यांच्या मधल्या प्रमाणाला १० वर्षांपर्यंत, आणि व्यापारी प्रमाणाला किमान १० ते कमाल २० वर्षे कारावास आहे. व्यापारी प्रमाण असेल तर कलम ३७ मुळे जामीन मिळणेही अतिशय कठीण होते.

दुसरी मर्यादा अशी की, हे संरक्षण व्यसनाधीन व्यक्तीसाठी आहे आणि उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. म्हणून पहिल्या दिवसापासूनचे केसपेपर जपून ठेवावेत. तिसरी गोष्ट, संस्था सरकारी किंवा शासनमान्य हवी. रस्त्याकडेला फलक लावलेल्या कोणत्याही केंद्रात मुलाला ठेवून हे कलम लागू होईल, असे समजू नये.

याशिवाय कलम ३९ आहे, ज्याचा उपयोग आपल्या भागात फारच कमी होताना मी पाहतो. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनाधीन व्यक्तीला तुरुंगात पाठवण्याऐवजी, तिच्या संमतीने आणि बंधपत्रावर, सरकारी वा मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचारासाठी सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. उपचाराचा अहवाल १ वर्षाच्या आत सादर करावा लागतो. बचाव पक्षाने मागणीच केली नाही, तर न्यायालयासमोर हा पर्याय सहसा येतच नाही. घाईघाईने गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळे होण्याचा सल्ला अनेक कुटुंबांना मिळतो. त्यामुळे त्या दिवसाची कटकट संपते. मुलाच्या नावावर दोषसिद्धी कायम राहते आणि व्यसनही तसेच राहते.

खानापूरची आई

मी थोडे वेगळे लिहिणार आहे आणि कोणाला दुखवण्याचा हेतू नाही. आमच्या भागात विकणारे कोण आहेत हे गावाला ठाऊक असते. एकदा पकडले जातात, काही महिन्यांत बाहेर येतात आणि त्याच कट्ट्यावर पुन्हा बसतात. माझ्या मुलाला पहिली पुडी फुकट दिली गेली होती. अशा वेळी सहानुभूतीची भाषा ऐकली की मला राग येतो. विकणाऱ्यांना इतकी कडक शिक्षा व्हावी की दुसऱ्याला धाडस होऊ नये. उपचाराची गोष्ट माझ्या मुलासाठी मला हवी आहे, पण त्या माणसाला तिचा आडोसा मिळता कामा नये.

येळ्ळूरकर (धागाकर्ता)

ताई, तुमचा राग अगदी रास्त आहे आणि माझे म्हणणे त्याच्या विरोधात नाही. विकणाऱ्याला कलम ६४ अ चा आडोसा मिळू नये, ही काळजी कायद्यानेच घेतली आहे. मोठ्या तस्करांसाठी १९८८ चा प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आहे, ज्याखाली साधारणतः १ वर्षापर्यंत स्थानबद्ध ठेवता येते. कर्नाटकाचा ज्याला आपण गुंडा कायदा म्हणतो, तो १९८५ चा कायदाही अमली पदार्थांच्या गुन्हेगारांना लागू होतो. त्याखेरीज एनडीपीएस कायद्यात तस्करीतून कमावलेली मालमत्ता गोठवण्याची आणि सरकारजमा करण्याची तरतूद आहे. माझ्या मते कारावासापेक्षा या शेवटच्या तरतुदीची भीती विकणाऱ्याला अधिक वाटते, परंतु त्यासाठी पैशाचा माग काढावा लागतो आणि ते काम पुडीसह एका पोराला पकडण्याइतके सोपे नाही.

अडचण मधल्या मुलांची आहे. स्वतःचा खर्च भागवण्यासाठी मित्रांना चार पुड्या देणारा मुलगा विकणारा की व्यसनाधीन? कायद्याच्या दृष्टीने तो दोन्ही असू शकतो. तस्कर अशाच मुलांना पुढे करतो, कारण पकडले गेले तर तेच पकडले जातात.

निपाणीची शिक्षिका

वरच्या शेवटच्या मुद्द्याला धरून. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत बाल न्याय कायदा, २०१५ अधिक स्पष्ट आहे आणि शाळांनी त्याचा वापर करायला हवा. मुलाला अमली पदार्थ किंवा दारू देणाऱ्याला कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मुलाचा उपयोग माल विकण्यासाठी, नेण्यासाठी किंवा पुरवण्यासाठी करणाऱ्याला कलम ७८ खाली तेवढीच शिक्षा आहे. ज्या मुलाला नशेत ओढले जाण्याचा धोका आहे, त्याच्याकडे हा कायदा संरक्षणाची गरज असलेले मूल म्हणून पाहतो आणि त्याला बाल कल्याण समितीपुढे नेता येते. १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन केला तरी चालतो.

प्रत्यक्षात शाळा काय करतात? बदनामी नको म्हणून पालकांना बोलावून दाखला हातात ठेवतात. मी ज्या ज्या मुलांच्या बाबतीत असे होताना पाहिले, ती मुले शाळेबरोबर शिक्षकांच्या नजरेतूनही सुटली. हायस्कूलच्या वयात सुरुवात गांजाने होतेच असे नाही. पंक्चरचे सोल्युशन आणि व्हाइटनर हुंगणे हे त्याच्याही आधी येते, कारण ते दुकानात मिळते आणि कोणी प्रश्न विचारत नाही. एम्सच्या राष्ट्रीय केंद्राने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणात हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के आणि मुलांत १.७ टक्के आढळले होते. पाहणी झालेल्या पदार्थांपैकी मुलांचे प्रमाण प्रौढांहून जास्त असलेला तो एकमेव प्रकार होता. आमच्या निपाणीत तंबाखूवर अनेक घरे चालतात, आणि तंबाखू हाताळणाऱ्या घरातील मुलाला ‘नशा’ या शब्दाची भीती दाखवून काही उपयोग होत नाही. त्याला शरीरात काय घडते ते समजावून सांगावे लागते.

हुक्केरीचा शेतकरी

शेतीची बाजू कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. उसाच्या मधल्या सरींत गांजाची झाडे लावण्याचे प्रकार आपल्या भागात घडतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसऱ्याला खंडाने दिलेल्या रानात असे काही सापडले तर मूळ मालकाची झोप उडते. एनडीपीएस कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत बेकायदा लागवड झाल्याचे कळताच पोलिसांना कळवणे हे जमीनधारकाचे कर्तव्य आहे, आणि जाणूनबुजून न कळवणे हा गुन्हा आहे. कलम ४७ प्रमाणे गावचे अधिकारी आणि पंचायतीचे सदस्य यांच्यावरही तीच जबाबदारी आहे. ग्रामसभेत रस्ते आणि गटारांवर तासभर बोलणे होते, परंतु ही दोन कलमे पीडीओंनी, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांनी, कधी वाचून दाखवल्याचे मला स्मरत नाही. ती मराठीत आणि कन्नडमध्ये वाचून दाखवावीत.

औषध दुकानदार

गांजा आणि एमडीच्या गदारोळात गोळ्यांकडे दुर्लक्ष होते. ट्रामाडॉल हे वेदनाशामक एप्रिल २०१८ पासून एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत आहे. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या आधीपासूनच त्यात आहेत. औषध नियमांच्या परिशिष्ट एच-१ मधील औषधांची विक्री वेगळ्या नोंदवहीत, डॉक्टर आणि रुग्ण यांच्या नावांसह लिहावी लागते आणि ती वही ३ वर्षे जपावी लागते. बहुतेक दुकानदार हे पाळतात. जे पाळत नाहीत त्यांच्यामुळे सर्वांवर संशय येतो. सीमेवर अशी अडचण आहे की, महाराष्ट्रातील डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ग्राहक कर्नाटकातील दुकानात येतो आणि त्याच चिठ्ठीवर त्याने शिनोळीला कालच औषध घेतले आहे का, हे आम्हाला कळण्याचा मार्ग नसतो. चिठ्ठीवर शिक्का आणि तारीख टाकूनच ती परत देण्याची शिस्त दोन्ही बाजूंनी कसोशीने पाळली तरी बराच फरक पडेल.

मानसोपचार विभागातील परिचारिका

उपचार म्हणजे नेमके काय, याबद्दल फार गैरसमज आहेत. कोंडून ठेवले की व्यसन सुटते, अशी समजूत घट्ट बसली आहे. रोज भरपूर दारू घेणाऱ्याने किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय लागलेल्याने त्या एकदम बंद केल्या तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि जीवही जाऊ शकतो. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करत न्यावे लागते. हेरॉइनसारख्या पदार्थांत बंद करतानाचा त्रास असह्य असतो, पण खरा धोका नंतर असतो. काही आठवडे दूर राहिल्याने शरीराची सहनशक्ती उतरते, आणि तुरुंगातून वा केंद्रातून बाहेर आल्यावर माणसाने जुनेच प्रमाण घेतले तर श्वास थांबतो. हिंडलग्याच्या तुरुंगातून सुटून येणाऱ्या मुलाच्या घरच्यांना ही एक गोष्ट कोणीतरी सुटकेच्या दिवशीच सांगायला हवी. गांजा सोडताना चिडचिड, झोप न लागणे, भूक मंदावणे असा त्रास होतो. तो जीवघेणा नसतो, परंतु नेमक्या त्या दोन आठवड्यांत घरात भांडणे होतात आणि मुलगा परत कट्ट्यावर जातो.

दुसरे, व्यसनाशी संबंधित मानसिक अवस्था मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये येतात. म्हणून व्यसनमुक्ती केंद्राने राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे, आणि तेथे साखळीने बांधणे, मारहाण करणे किंवा घरच्यांशी बोलू न देणे हे बेकायदेशीर आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. चांगले केंद्र तो आनंदाने दाखवते. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि अधिक गुंतागुंत असेल तर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे. या सरकारी संस्था असल्याने वकीलसाहेबांनी सांगितलेली मान्यतेची अडचण येथे उद्भवत नाही. रात्री अपरात्री बोलायचे असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ वर भाषा निवडता येते.

भाषेविषयी मी आग्रहाने लिहिते. गोळी कोणत्याही भाषेत लागू पडते, समुपदेशन पडत नाही. मोडक्या कन्नडमध्ये ‘हो, नाही’ एवढेच बोलणारा येळ्ळूरचा किंवा जांबोटीचा मुलगा मराठीत विचारले की बोलू लागतो, आणि खरे कारण तेव्हाच कळते. अनेक कुटुंबे त्यासाठी पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात जातात. १९८६ पासून त्या संस्थेने केलेल्या कामाबद्दल मनात आदरच आहे. पण उपचार झाल्यानंतरचा पाठपुरावा हा सर्वांत महत्त्वाचा भाग असतो, आणि मजुरी बुडवून दरमहा पुण्याला जाणे किती जणांना परवडते? तो पाठपुरावा बेळगावातच, मराठीत, मिळाला पाहिजे.

चंदगडकर

आमच्याकडूनही हेच दिसते. आमची मुले कॉलेजला बेळगावात, बाजाराला बेळगावात आणि दवाखान्यालाही बेळगावातच जातात. पण सरकारी योजनेचा विषय निघाला की महाराष्ट्राचे असल्यामुळे कोल्हापूरला जा असे सांगितले जाते. कोल्हापूर आणि बेळगाव या दोन्ही जिल्ह्यांच्या समित्यांनी ठरावीक काळाने एकत्र बैठक घेऊन, शेजारच्या राज्यातील रुग्णाला नाकारू नये एवढा एक निर्णय जरी केला, तरी शिनोळी–बाची पट्ट्यातील कुटुंबांचे मोठे काम होईल. माल सापडल्यावर दोन्हीकडचे पोलीस एकमेकांना फोन करतातच. तसाच फोन रुग्णासाठी दोन रुग्णालयांत व्हावा.

खानापूरची आई

वरचे सर्व वाचले. आता स्पष्टच विचारते. माझ्या मुलाला गेल्या आठवड्यात सुमारे ३०० ग्रॅम गांजासह पकडले. जामीन झाला आहे. कागदांवर कन्नडमध्ये काय लिहिले आहे ते मला नीट वाचता आलेले नाही. तो उपचाराला तयार आहे. आता उशीर झाला आहे का, आणि वकिलाची फी नसेल तर काय करायचे?

वकील, बेळगाव

ताई, उशीर झालेला नाही. ३०० ग्रॅम हे अल्प प्रमाणात येते, आणि कलम ६४ अ मध्ये ‘आरोप असलेली’ व्यक्ती असाच उल्लेख असल्यामुळे अटकेनंतरही तो मार्ग खुला आहे.

उद्याच त्याला घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. किती दिवसांपासून आणि किती घेतो, हे त्याने डॉक्टरांना खरे सांगावे, कारण व्यसनाधीनतेचे निदान केसपेपरवर लिहिले जाणे हाच या कलमाचा पाया आहे. प्रत्येक तारखेची नोंद आणि औषधाची चिठ्ठी एका फाईलमध्ये लावा.

फीबद्दल काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो; इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. तुमचा मुलगा सज्ञान असल्यास अर्ज त्याच्या नावाने आणि उत्पन्नाच्या दाखल्यासह करावा लागेल. खानापूर न्यायालयाच्या आवारातील तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. अमली पदार्थांच्या बळींना विधी सेवा देण्यासाठी राष्ट्रीय प्राधिकरणाची २०१५ ची स्वतंत्र योजना आहे. अर्जात तिचा उल्लेख करा.

कागदांबाबत. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटकेची कारणे कळवणे बंधनकारक आहे, आणि स्थानबद्धतेच्या प्रकरणात ती कारणे त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच सांगितले आहे. तुमच्या वकिलाकडून पंचनामा मराठीत वाचून घ्या. विशेषतः जप्त मालाचे वजन, आणि अंगझडती झाली असल्यास राजपत्रित अधिकारी वा दंडाधिकारी यांच्यासमोर आपली झडती व्हावी अशी मागणी करण्याचा हक्क एनडीपीएस कायद्याच्या कलम ५० प्रमाणे मुलाला सांगितला होता का, हे पाहा. त्या कागदावर मुलाची सही असेल, तर सही करताना मजकूर त्याला कळला होता का, तेही वकिलांना सांगा.

येळ्ळूरकर (धागाकर्ता)

वरील सूचनांच्या आधारे मी दोन अर्जांचा मसुदा करत आहे. पहिला डीसींच्या जिल्हा समितीकडे : कलम ६४ अ आणि ३९ यांची माहिती, तसेच १४४४६, १४४१६ आणि १९३३ हे क्रमांक कन्नडबरोबर मराठीतही प्रत्येक ग्रामपंचायत, सरकारी दवाखाना, पीयूसी कॉलेज आणि पोलीस ठाण्यात लावावेत. ज्या तालुक्यात अल्पसंख्य भाषिक १५ टक्के वा अधिक आहेत तेथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठीचे मान्य धोरण आहे आणि त्याचाच आधार घेतला आहे. दुसरा अर्ज जिल्हा रुग्णालयाकडे : आठवड्यातून ठरलेल्या एका दिवशी मराठी बोलणारा समुपदेशक बाह्यरुग्ण विभागात उपलब्ध असावा, आणि चंदगडच्या रुग्णांना त्या दिवशी परत पाठवू नये.

शिक्षिकाबाईंनी शाळांसाठीचा मजकूर आणि हुक्केरीच्या दादांनी ग्रामसभेत वाचण्याचा उतारा लिहून द्यावा. खानापूरच्या ताईंसोबत विधी सेवा समितीत जायला त्याच तालुक्यातील कोणी तयार असेल, तर येथे नाव न लिहिता मला निरोप पाठवावा.